श्रावणबाळाची कावड आता खाली ठेवू या

एप्रिल-मे महिन्यात सातारा-सांगली भागातल्या कुठल्याही बौद्धवस्तीत जाऊन बघा. जयंतीच्या आदल्या दिवशी मुंबई, पुणे, पिंपरी, चाकणहून पोरं येतात. निळे झेंडे लागतात, विहाराला रंग दिला जातो, वर्षभर कुलूप असलेली घरं उघडतात, एकेका घरात पंधरा-पंधरा माणसांचं जेवण शिजतं. रात्री मिरवणूक, दुसऱ्या दिवशी व्याख्यान. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने वस्ती रिकामी होते. मागे राहतात ती सत्तरीतली माणसं, दोन-चार सुना आणि शाळेत जाणारी लेकरं.

अशाच एका जयंतीला मी खानापूर तालुक्यात व्याख्यानाला गेले होते. विषय होता, 'बाबासाहेब आणि आजचा तरुण'. भाषण संपल्यावर पहिल्या रांगेतली एक आजी जवळ आली, माझा हात धरला आणि म्हणाली, "पोरी, समदं ग्वाड बोललीस. पर आमचं काय, त्ये न्हाई बोललीस."

"तुमचं काय आजी?"

"पोरं शिकली, तिकडं गेली. बाबासायबांनी सांगितलं तसंच केलं. पर आता रातच्याला उठाय लागलं, तर धरायचं कुणी?"

मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या आजीला उशिरा दिलेलं उत्तर आहे. आणि ते आजीपेक्षा जास्त तुमच्या-माझ्या वयाच्या कार्यकर्त्यांसाठी आहे. कारण म्हाताऱ्या आई-बापांचा प्रश्न आपण 'घरगुती' म्हणून बाजूला ठेवलाय. माझं म्हणणं असं आहे की तो घरगुती नाही, राजकीय आहे. आणि तो म्हाताऱ्यांइतकाच तरुणांचा आहे.

गाव सोडलं, ते बरोबरच केलं

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. पोरं गाव सोडून गेली हे चुकलं, असं मी म्हणणार नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याबद्दल काय मत दिलं, ते आपण सगळे जाणतो. ज्या गावाने आपल्याला पाणवठ्यापासून दूर ठेवलं, तराळकी करायला लावली, त्या गावाच्या नावाने गळा काढायचं आपल्याला कारण नाही.

सातारा जिल्ह्यातून बाहेर पडणं तर पिढ्यानपिढ्यांचं आहे. पाटण, जावळी, कोरेगाव, खटाव, माण या तालुक्यांतली माणसं मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत, माथाडी कामात गेली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, तर सातारा जिल्ह्यात ९८८. या आकड्याचा अर्थ 'साताऱ्यात मुलींना मान आहे' असा काढून टाळ्या वाजवू नका. त्याचं एक मोठं कारण म्हणजे इथले पुरुष पोटासाठी बाहेर असतात.

पण बाहेर जाणं सगळ्यांचं सारखं नसतं. गिरणीतसुद्धा आपल्या माणसाला कापड खात्यात घेत नव्हते. तुटलेला धागा ओढायला तोंड लावावं लागे, त्याने विटाळ होतो म्हणून. आपला माणूस कमी पगाराच्या खात्यात राहिला. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरले. त्यांनी गावाकडे बंगले बांधले. आज त्या बंगल्यात त्यांचे आई-वडील एकटेच राहतात हे खरं आहे, एकटेपण त्यांनाही आहे. पण त्यांच्या दारात कॅमेरा आहे, मुलगा हजार किलोमीटरवरून मोबाईलवर आई-वडिलांना बघतो, आणि त्यांना आंघोळ घालायला पगारी बाई येते. ती बाई बहुतेक वेळा कुठल्या वस्तीतून येते, ते या भागात राहणाऱ्याला सांगायला नको.

आणि आपल्या वस्तीतून चाकणला गेलेला पोरगा? तो कंत्राटी. अकरा महिन्यांनी ब्रेक. दहा बाय दहाच्या खोलीत चार माणसं. त्याला म्हणायचं, "आई-बापाला तिकडं घेऊन जा"? नेलेले मी बघितलेत. एक तात्या पिंपरीला पोराकडे गेले, वीस दिवसांत परत आले. म्हणाले, "पोरगं रातपाळी करून सकाळी झोपायचं, तवा मी बाहेर जिन्यात बसायचो. किती दिवस बसू?" रमाई आवासचं घरकुल मिळालं ते गावात, रोजगार मिळाला तो शहरात. या दोन टोकांमध्ये म्हातारा माणूस लटकलाय.

बाबासाहेबही दूर गेलेला मुलगा होते

या प्रश्नावर बोलताना मला सातारा आठवतं. भीमाईंचं निधन साताऱ्यात झालं, त्यांची समाधी तिथेच आहे. ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा साताऱ्याच्या शाळेत दाखल झाला. त्या काळात रामजी सुभेदार नोकरीसाठी खटाव तालुक्यात, दुष्काळी तलावाच्या कामावर होते. घरात लेकरांना सांभाळायला आत्या मीराबाई होत्या. वडिलांना भेटायला निघालेल्या त्या मुलांचं मसूर स्टेशनवर आणि बैलगाडीत काय झालं, ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. म्हणजे कामासाठी घर फुटणं आणि मागच्यांचा सांभाळ कुणी करायचा हा प्रश्न आपल्या नायकाच्या घरातही होता.

पुढची गोष्ट १९१३ ची. बाबासाहेब जानेवारीत बडोद्याला नोकरीवर गेले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. ते निघाले. वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी मुंबईत पोचले, तेव्हा सुभेदारांचा जीव फक्त मुलाच्या वाटेकडे लागला होता. २ फेब्रुवारी १९१३ ला ते गेले.

तुमच्यापैकी कितीजणांची अशी गाडी चुकली असेल! स्वारगेटला एसटीच्या रांगेत असताना फोन आलेले किती असतील! म्हणून मी दूर गेलेल्या पोराला 'नालायक' म्हणायला तयार नाही. त्याच वर्षी बाबासाहेब अमेरिकेला गेले. ते घरी बसून राहिले असते, तर आपण आज कुठे असतो?

पण याच गोष्टीतला आणखी एक भाग आपण सांगत नाही. रामजींना लष्कराची पेन्शन होती. मुलाच्या पुस्तकांसाठी ते लेकींकडे जायचे, दागिना मागून गहाण ठेवायचे आणि पेन्शन आली की सोडवून आणायचे. म्हणजे मुलाच्या शिक्षणामागे बापाची पेन्शन आणि बहिणींचे दागिने होते. बापाला स्वतःचं उत्पन्न होतं म्हणून मुलाला शाळा सोडून हमाली करावी लागली नाही. म्हाताऱ्याची पेन्शन ही तरुणाच्या स्वातंत्र्याची अट असते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

श्रावणबाळ हे नाव कुणाच्या सोयीचं?

आता सरकार काय देतं ते बघू. महाराष्ट्रात ६५ वर्षांवरच्या निराधार माणसासाठी जी योजना आहे तिचं नाव 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना'. एखाद्या योजनेचं नाव बघून मला राग येतो, असं फार कमी वेळा होतं. इथे येतो.

श्रावणबाळ म्हणजे आंधळ्या आई-बापाला कावडीत बसवून फिरवणारा मुलगा. लहानपणापासून हे चित्र आपल्या डोळ्यांपुढे धरलं जातं. पण गोष्ट नीट वाचा. वाल्मीकी रामायणात त्या मुलाला श्रावण हे नावही नाही. राजाचा बाण लागून तो मरायला टेकतो, तेव्हा तो स्वतःच राजाला सांगतो की मी ब्राह्मण नाही, माझा बाप वैश्य आणि आई शूद्र आहे, तेव्हा ब्रह्महत्येचं भय धरू नकोस. मारला गेला तो सांभाळ करणारा मुलगा, बाण होता राजाचा, आणि मरतानाही दिलासा द्यायचा तो राजालाच! मागे राहिलेलं आंधळं जोडपं पुत्रशोकात प्राण सोडतं. आज त्याच कावडवाल्याचं नाव राज्याने आपल्या योजनेला दिलंय. म्हणजे सांगायचं काय, तर सांभाळ हे मुलाचंच काम, आम्ही फक्त थोडा हातभार लावतो.

आणि हातभार किती? महिन्याला १५०० रुपये. २०२३ पर्यंत हे १००० होते. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेत ८० वर्षांखालच्या माणसासाठी दिल्लीचा वाटा महिन्याला २०० रुपये आहे. २००७ पासून २००च. तेव्हा गॅसची टाकी काय भावाला होती, डाळ काय भावाला होती, आठवून बघा.

त्याहून मोठी चेष्टा उत्पन्नाच्या मर्यादेची आहे. श्रावणबाळसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. म्हणजे महिन्याला १७५० रुपये. रेशनकार्डावर चाकणच्या कंत्राटी पोराचं नाव असलं, की म्हातारी 'अपात्र'. मग काय करतात? पोराचं नाव कमी करतात, तलाठ्याकडून दाखला आणतात, एजंटाला पैसे देतात. म्हणजे आई-बापाला आपलं पोरगं कागदावर तोडावं लागतं. कुटुंबव्यवस्थेचे गोडवे गाणारं राज्य कुटुंब मोडल्याचा पुरावा मागतं.

आता एक हिशेब करा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत वय २१ ते ६५ आणि उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. रक्कम तीच, १५०० रुपये. म्हणजे चौसष्ट वर्षांची बाई अडीच लाखांच्या आत असली तर सरकारची लाडकी बहीण असते. पासष्टी उलटली, गुडघे गेले, मजुरी बंद झाली, की ती बहीण राहत नाही. ती श्रावणबाळाची आई होते आणि तिची मर्यादा अडीच लाखांवरून २१ हजारांवर येते! मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांसाठी मर्यादा दोन लाख आहे, पण तिथे मिळतात एकदाच ३००० रुपये. एकाच राज्याच्या, एकाच म्हातारीसाठी तीन वेगवेगळ्या गरिबीच्या व्याख्या. हिची गरज वाढते तेव्हाच दार अरुंद होतं. यावर आपला एकतरी मोर्चा निघालाय का?

कायदा मुलाला 'करावेच लागेल' म्हणतो, सरकारला 'करता येईल'

२००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा झाला. प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो, वकील लागत नाही, महिन्याला १० हजारांपर्यंत पोटगी ठरवता येते. चांगला कायदा आहे, गरज पडली तर वापरलाच पाहिजे. त्यातल्या कलम २३ मुळे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर-जमीन मुलाने सांभाळ न केल्यास परत मिळवता येते. अनेक जोडप्यांना त्याने छप्पर परत मिळालंय.

पण हा कायदा कुणाला डोळ्यांपुढे ठेवून केलाय? ज्यांच्याकडे द्यायला जमीन आहे आणि ज्यांच्या मुलाकडे पगार आहे, त्यांना. अलीकडे काही ग्रामपंचायतींनी 'आई-बापाला सांभाळलं नाही तर वारस नोंद करणार नाही' असे ठराव केले, त्याच्या बातम्या झाल्या. भूमिहीन माणसाने कसली धमकी द्यायची? आमच्याकडे वारसाला मिळतो तो पत्रा, चार भांडी आणि बचत गटाचं कर्ज.

याच कायद्यात कलम १९ आहे. प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान दीडशे जणांचं एक वृद्धाश्रम असावं, अशी त्यात तरतूद आहे. पण तिथली भाषा बघा. मुलाने सांभाळ करावाच, नाही केला तर तुरुंग. सरकारला मात्र वृद्धाश्रम 'स्थापन करता येईल'. कर्तव्य पोराचं, मर्जी सरकारची. संविधानाच्या कलम ४१ मध्ये म्हातारपण, आजारपण, बेकारी यांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क राज्याने उपलब्ध करून द्यावा असं म्हटलंय. तिथे 'श्रावणबाळ' नाही, 'राज्य' आहे. आपण उठता-बसता संविधानाचं नाव घेतो, या कलमाचं कधी घेतलं?

आमच्या घरातली गोष्ट

इथपर्यंत मी सरकारला बोलले. आता स्वतःला बोलते.

माझी आई खटाव तालुक्यात एकटी राहते. मी लग्न होऊन मिरजेला. भाऊ चाकणला कंत्राटी कामगार, वहिनी त्याच्याबरोबर. तिथे राहून ती एएनएमचं दुसरं वर्ष करत होती. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आई ओट्यावरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं. दूधवाला आला तेव्हा सापडली. भावाने रजा मागितली, तर सुपरवायझर म्हणाला, "जा, पण परत येऊ नको." माझ्याकडे सासूबाई पक्षाघाताने अंथरुणावर. मग आम्ही काय केलं? बहीण-भाऊ फोनवर बोललो आणि ठरवलं, वहिनीने गावाला यावं. 'आठ-दहा दिवसांचाच प्रश्न आहे.'

आठ-दहा दिवसांचे आठ महिने झाले. वहिनीचं वर्ष गेलं ते गेलंच. फी परत भरायला पैसे नव्हते. आज ती चाकणलाच एका घरी म्हातारीला सांभाळायच्या कामाला जाते. बारा तासांची पाळी, ब्युरोचा हिस्सा वेगळा. जी नर्स व्हायची, ती आया झाली. आणि हा निर्णय घेताना सावित्रीमाईंवर भाषणं देणारी, समाजशास्त्रात एम.ए. केलेली मी तिला विचारलंसुद्धा नाही. "तुझी परीक्षा कधी आहे गं?" एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. आई मात्र म्हणाली होती, "तिला कशाला बोलावलंसा? शिकू द्या की पोरीला." अशिक्षित आईला जे दिसलं ते मला दिसलं नाही.

समाजशास्त्रात याला 'काळजीची साखळी' म्हणतात. श्रीमंत घरातली बाई नोकरीला जाते, तिच्या सासूला सांभाळायला गरीब घरातली बाई येते, त्या गरीब बाईच्या आईला गावात सांभाळायला तिची शाळकरी मुलगी घरी बसते. साखळीची शेवटची कडी नेहमी आपल्या वस्तीत असते. पुण्याच्या फ्लॅटमध्ये दुसऱ्यांच्या आई-वडिलांचं हगणं-मुतणं काढणाऱ्या किती बाया आपल्या आहेत, मोजा एकदा. घाण काढायचं काम जातीने आपल्याला दिलं होतं. आता ते 'केअरटेकर' या नावाने, त्याच हातांना, कसल्याही सुरक्षेशिवाय दिलं जातंय.

आणि मुलगाच म्हातारपणाची काठी, या समजुतीची किंमत सांगलीने फार मोठी मोजली आहे. २०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये ओढ्याकाठी एकोणीस भ्रूण सापडले. २०११ ला या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८६७ मुली होत्या. ज्या समाजात पेन्शन नसते तिथे मुलगा हीच पेन्शन होते, आणि मुलगी हा खर्च. मुलींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच, कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या खटल्यात, लग्न झालेली मुलगीही आई-बापाच्या पोटगीला जबाबदार आहे असा निकाल दिला. जबाबदारी समान आहे, मग हक्क आणि काम दोन्ही समान वाटून घ्या. भावाने पैसे पाठवायचे आणि बहिणीने, नाहीतर सुनेने अंथरूण बदलायचं, ही वाटणी आंबेडकरी घरात चालणार नाही. बापाची लुंगी धुवायला पोराच्या हाताला काय झालंय?

"पण काही पोरं विसरतातच ना?"

हो, विसरतात. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. रात्री मंचावर बाबासाहेबांवर तास-दीड तास बोलणारा आणि सकाळी आई रेशनच्या रांगेत उभी असताना गाडीतून निघून जाणारा माणूस मी डोळ्यांनी बघितलाय. सरकारी नोकरीतला, पेन्शनवाला. अशांना जाब विचारला पाहिजे. पण त्यांच्यावर बोट ठेवून बाकीच्या शंभर कंत्राटी पोरांना गुन्हेगार ठरवू नका. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या नोकरीत लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली, आणि त्यानंतर नोकऱ्याच कंत्राटी झाल्या. आरक्षणातून नोकरी, नोकरीतून पेन्शन, पेन्शनमधून पुढच्या पिढीचं शिक्षण, ही आपल्या एका पिढीची शिडी होती. ती काढून घेतली गेली आहे. आज पस्तिशीत असलेले तुम्ही-मी म्हातारे होऊ, तेव्हा आपल्याकडे पेन्शनही नसेल आणि आपली मुलं याहून लांब असतील. म्हणून म्हटलं, हा तरुणांचा प्रश्न आहे.

मग करायचं काय?

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला हगवण लागलेली असते, तो स्वतःच्या घाणीत पडलेला असतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही. भगवान बुद्ध आनंदाला पाणी आणायला सांगतात, दोघं मिळून त्याला धुतात, उचलून खाटेवर ठेवतात. मग संघाला बोलावून विचारतात की तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा आहे असं समजा.

श्रावणबाळाच्या गोष्टीत आणि या गोष्टीत फरक बघा. तिथे एकटा मुलगा कावड वाहतो. इथे रक्ताचं नातं नाही, संघ आहे, आणि स्वतः शास्ता हात लावतो. आपली परंपरा कुठली, ते आपण ठरवू या.

संघ म्हणजे आपल्या गावात काय? विहार, मंडळ, महिला बचत गट आणि बाहेरगावी गेलेल्या पोरांची कमिटी. यांनी मिळून, पुढच्या जयंतीपासून, काही साधी कामं घ्यावीत असं मला वाटतं.

पहिलं, वस्तीतल्या साठीपुढच्या प्रत्येक माणसाची यादी. कुणाला बीपी, कुणाला साखर, कुणाला दिसत नाही, कुणाचा पोरगा कुठे, त्याचा नंबर काय. यादी विहारात आणि मोबाईलवर.

दुसरं, जयंतीला सगळी पोरं गावात असतात तेव्हा एक सकाळ कागदपत्रांची. हयातीचा दाखला, आधार-बँक जोडणी, उत्पन्नाचा दाखला, श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधारचे अर्ज. बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून थांबलेली पेन्शन सुरू करून देणं हेही चळवळीचंच काम आहे.

तिसरं, रोज सकाळ-संध्याकाळ दाराशी जाऊन हाक मारायची पाळी. पोरींनीच नाही, पोरांनीही. माझ्या आईला कुणी सकाळी सहाला हाक मारली असती, तर ती दूधवाला येईपर्यंत पावसात पडून राहिली नसती.

चौथं, वर्गणीतला ठरलेला हिस्सा आजारपणासाठी. पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे, पण एसटी वस्तीपर्यंत येत नाही. मिरजेच्या नाहीतर साताऱ्याच्या सिव्हिलला न्यायला रात्री गाडी लागते. साउंड सिस्टीमचा एक बॉक्स कमी लावला तर वर्षभराचं भाडं निघतं. हे म्हटलं की काहींना राग येतो. येऊ द्या.

पाचवं, आणि सगळ्यात मोठं, मागण्या. हाक मारायची पाळी लावून राज्याची जबाबदारी संपत नाही. श्रावणबाळची २१ हजारांची मर्यादा किमान लाडकी बहीणच्या मर्यादेइतकी करा. पेन्शनची रक्कम महागाईला जोडा. केंद्राचे २०० रुपये वाढवा. कलम १९ मधलं 'करता येईल' काढून 'करावेच लागेल' करा. कंत्राटी कामगाराला आई-वडिलांच्या आजारपणात नोकरी न जाता रजा द्या. घरोघरी पेशंट सांभाळणाऱ्या बायांना किमान वेतन आणि विमा द्या. आणि जाता जाता, त्या योजनेचं नावही बदला. हक्काला हक्काचं नाव द्या.

यातली शेवटची यादी घेऊन सातारा-सांगलीच्या दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांवर जायचं असेल, तर म्हातारी माणसं पुढे चालतील, मला खात्री आहे. नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेली पिढी आहे ती. त्यांना आपली दया नको आहे.

या वर्षी त्या खानापूरच्या वस्तीत पुन्हा जाणार आहे. भाषणाचा विषय मी आधीच कळवलाय. आणि वहिनीचा एएनएमचा फॉर्म पुन्हा भरायचा ठरलाय. या वेळी फी आम्ही बहीण-भाऊ मिळून भरणार आहोत. आईकडे महिन्यातून दहा दिवस मी, दहा दिवस भाऊ आणि उरलेले दहा दिवस वस्तीतल्या बचत गटाची पाळी. भावाने नोकरीत ते कसं जमवायचं, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. तो त्याच्या एकट्याने सुटणारही नाही. म्हणूनच हा लेख.

जय भीम.